बदली खेळाडूने बोलायचं नसतं

हेगडाल, मिनेसोटा
२० सप्टेंबर १९२६

आयनार,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. दुसरा कागद घ्यायचा मला कंटाळा, म्हणून त्याच कागदावर पुढे लिहिते आहे. खोडलेलं तुला दिसेलच. दिसू दे.

तुझा पत्ता हॅल्वरकडून काढला. लाकूडतोडीच्या छावणीतून तू मित्राला कार्ड टाकतोस आणि जन्म दिलेल्या आईला नाही. असो. विचारलं तर मेला ताकास तूर लागू देईना. शेवटी मी त्याच्या पावावरचं लोणी बंद केलं. संध्याकाळपर्यंत पत्ता माझ्या हातात! एवढा धिप्पाड गडी, या वर्षी फुटबॉल संघाचा कप्तान झालाय, पण लोण्यापुढे काही टिकला नाही.

मुलं परत आली आहेत. कॉलेज उघडलं की आपलं खानावळीचं घर कसं होतं ते तुला सांगायला नको. मागच्या पडवीत चिखलाच्या बुटांची रास, चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेले मोजे, घरभर कातड्याचा आणि घामाचा वास. जेवायला बसली की टोळधाड. एक नवा पोरगा आलाय, इंग्वाल्ड नावाचा. अगदी काडीपैलवान. वारा सुटला तर त्याला दाराला बांधून ठेवावं लागेल, आणि म्हणतो मी फुटबॉल खेळणार! कोचने त्याला बदली खेळाडूंच्या बाकावर बसवलंय. बस म्हणावं तिथेच, ऊब तरी राहील.

तुझी खोली मी त्यालाच दिली. रिकामी खोली ठेवून काय करायची? उत्तरेची खिडकी आहे, गारठा येतो, पण तो बिचारा तक्रार करत नाही.

मी बरी आहे. राग वगैरे काही नाही. जंगलात लोकरीचे हातमोजे दोन जोड लागतात, एक भिजला की दुसरा. ते पाठवले आहेत. मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. मोजे मिळाले एवढं हॅल्वरला कळव.

आई


११ ऑक्टोबर १९२६

आयनार,

हॅल्वरला तुझं कार्ड आलं. 'मोजे मिळाले.' मागे काही नाही, पुढे काही नाही. तो वाचून दाखवत होता तेव्हा मी चुलीकडे तोंड करून उभी होते. 'बरं' म्हटलं आणि सार ढवळत राहिले. तळाला लागलं ते सार. मुलांनी निमूट खाल्लं.

पहिले दोन सामने आपण जिंकले, तिसरा हरलो. मला त्यातलं काय कळतं म्हणा! अंड्याच्या आकाराचा तो चेंडू, त्याच्यापायी पोरांच्या दोन रांगा एकमेकींवर धडकतात, ढीग होतो, शिट्टी वाजते, उठून पुन्हा धडकतात. हॅल्वर परवा नाचत आला, "मावशी, मी चेंडू घेऊन चाळीस यार्ड पळालो!" मी म्हटलं, "पंपावरून दोन बादल्या आण म्हटलं की तुला दहा यार्ड पळवत नाही." सगळी हसली. तीही हसली नसती तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

परगावी सामना असला की मुलं सकाळच्या गाडीने जातात आणि मग घर खायला उठतं. मी सवयीने टेबलावर सगळी ताटं मांडते, आणि मग ध्यानात येतं. उचलून ठेवते. उभ्यानेच काहीतरी खाते. तुझे वडील गेले तेव्हा तू होतास. आता भिंतीवरचं घड्याळ आहे आणि मी आहे, आणि घड्याळही मागे पडतंय.

रविवारी चर्चबाहेर किराणावाल्या बोर्गहिल्डने गाठलं. चांगलं मोठ्या आवाजात विचारते, "काय गं गुद्रुन, तुझा आयनार काही बोलतो का हल्ली?" शेजारच्या दोघी हातमोज्याआड हसल्या. मी म्हटलं, "तुझ्या पिठात किडे निघाले तेव्हा फार बोलला होता. सांगू का इथे सगळ्यांना?" तशी वळून चालती झाली. पण घरी आल्यावर मी एकच परात दोनदा घासली.

वर्ष होत आलं तरी लोकांना दुसरा विषय नाही. मला त्या खेळातलं काडीचं कळत नसलं तरी तो एक नियम आता तोंडपाठ झालाय. बदली म्हणून आत गेलेल्या खेळाडूने एक डाव होईपर्यंत आपल्या माणसांशी अवाक्षर बोलायचं नाही. का, तर बाहेरून कोचचा निरोप आत पोचवेल म्हणून. लहान पोरांनाही ठाऊक असतं ते. आणि तू गेल्या नोव्हेंबरात, आभारदिनाच्या सुट्टीला, नदीपलीकडच्या स्वीडिश कॉलेजच्या स्वीड्यांशी सामना बरोबरीत असताना, शेवटच्या घटकेला आत गेलास आणि थेट हॅल्वरच्या कानाशी तोंड नेलंस. पंचाने शिट्टी फुंकली. दंड म्हणून चेंडू उचलून आपल्याच गोलरेषेच्या तोंडाशी नेऊन ठेवला. पुढच्याच डावात स्वीडे आत घुसले. संपलं.

मी आयुष्यात एकदाच मैदानावर आले, आणि नेमकी त्याच दिवशी. दर शनिवारी तू विचारायचास, "आज येशील?" आणि मी म्हणायची, "बटाटे कोण सोलणार, तुझा कोच?" त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, केक भट्टीतून काढला, डगला अंगात अडकवला आणि तशीच पळत येऊन कुंपणाशी उभी राहिले. तुझं लक्ष नव्हतं. बरं झालं, आपण हरताना आईने बघितलं हे तरी तुला कळलं नाही, असं मला वाटलं होतं.

कोच ओस्टबी मला बघितलं की रस्ता ओलांडून जातो. त्याने बिचाऱ्याने पाद्रीबुवांसमोर बायबलवर हात ठेवला, म्हणाला, 'मी निरोप दिला नव्हता.' तूही तेवढंच म्हणालास, "कोचचा काही संबंध नाही." मग लोक विचारतात, संबंध नाही तर काय हवापाणी विचारत होता? निम्मे कोचला लबाड म्हणतात, निम्मे तुला. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि ज्याने खरं सांगायचं तो मूग गिळून जंगलात बसलाय.

काय बोललास रे?

आई


२५ ऑक्टोबर १९२६

आयनार,

आज आधी एक सांगून टाकते. तुझी खोली इंग्वाल्डला दिली असं मी लिहिलं होतं ते खोटं. तो माळ्यावर झोपतो. तुझी खोली आहे तशी आहे. खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, पांघरूण उन्हात घातलं, एवढंच. 'खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात ताट नाही' असं तुला म्हणणारी मी, आणि हे बघ.

हो, म्हटलं होतं. त्या संध्याकाळी टेबलावर सगळी मुलं माना खाली घालून बसली होती. मी तुला विचारलं, पुन्हा विचारलं, तू नुसता ताटाकडे बघत राहिलास. माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. तू उठलास, स्वतःचं ताट धुतलंस, पुसून फळीवर ठेवलंस. सकाळी बघते तर अंथरुणाची घडी. ते ताट मी अजून कोणाला वाढलेलं नाही. निळ्या काठाचं, टवका उडालेलं. कोणी मागतही नाही.

हॅल्वरचा घोटा मुरगळलाय. पाय बादलीत बुडवून तो स्वयंपाकघरात बसला होता, म्हणून मी त्याच्या हातात बटाटे आणि सुरी दिली. फुकट का बसावं? सोलता सोलता मी विचारलं, "हॅल्वर, खरं सांग. आयनार तुला काय म्हणाला?"

"शप्पथ, मावशी, मला आठवत नाही. त्याच्याआधी कोणाचातरी गुडघा माझ्या डोक्यात बसला होता. कानात नुसत्या मधमाश्या. मला तर आपण हरलो हेसुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं."

"काहीच आठवत नाही?"

त्याने हातातला बटाटा सोलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "एकच आठवतं. तो हसत होता."

"हसत?"

"असा, तोंडभर. लहान पोराला जत्रेला नेल्यावर हसतं ना, तसा. मी गावात हे कोणाला सांगितलं नाही. म्हणतील, बघा, लबाडी करून वर हसतोय."

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. चोरून निरोप घेऊन आलेला माणूस असा हसत येतो का? सामना बरोबरीत, सगळ्या गावाचा जीव टांगणीला, आणि माझा पोरगा हसतोय. कशाला?

मी विचारलं, "तुझ्या समोरच्या रांगेत कोण होतं?"

"आक्सेल. स्वीड्यांचा तो रेडा. नाक मोडलेला."

"त्याने ऐकलं असेल?"

"नाकाला नाक लावून उभा होता, ऐकल्याशिवाय राहील? पण स्वीड्याच्या दारात जाऊन कोण विचारणार, मावशी?"

मीही म्हटलं, खरंच, कोण विचारणार.

थंडी पडायला लागली आहे. डोक्याला टोपी घालत जा.

आई


८ नोव्हेंबर १९२६

आयनार,

गेले. मीच गेले.

या गावात इतकी वर्षं काढली, पण पूल ओलांडून पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझे वडील पक्के नॉर्वेजियन, म्हणायचे, स्वीडिश माणूस 'सकाळ झाली' म्हणाला तर खिडकीतून बघून खात्री करून घ्यावी. पण काय करू? शनिवार होता, मुलं सामन्याला गेली होती, आणि त्या रिकाम्या घरात बसून बसून मला वेड लागायची पाळी आली. डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले.

विचारत विचारत घर सापडलं. आक्सेलच्या आईने दार उघडलं. ब्रिटा तिचं नाव. माझ्याएवढीच, माझ्यासारखीच पिठाच्या हातांची. मी कोण ते सांगितलं तर तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आत ये बाई, कॉफी ठेवते." मी मनाशी ठरवून गेले होते की स्वीड्यांच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. तीन कप प्यायले. कॉफी चांगली होती, तेही सांगते.

आक्सेल आला. दारातून वाकून यावं लागतं त्याला. घोट्याला पट्टी होती, म्हणून घरी. मी सरळच विचारलं, "गेल्या वर्षी माझ्या मुलाने आत येऊन हॅल्वरला जे सांगितलं, ते तू ऐकलंस का?"

तो लालबुंद झाला. आईकडे बघितलं. म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर पूल तुडवत आले असते का?"

"पण सगळ्यांना ठाऊक आहे ते!"

"कोणाला सगळ्यांना?"

"इथे. न्हाव्याकडे, दूध घालायला जातो तिथे, चर्चच्या पायऱ्यांवर. आम्ही वर्षभर सांगतोय आणि हसतोय. मला वाटलं, तुमच्याकडेही हसत असतील."

"आमच्याकडे कोणी हसत नाही," मी म्हटलं. "बोल."

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "तो धावत आत आला. कप्तानाचा, म्हणजे आताच्या तुमच्या कप्तानाचा, दंड धरला, कुंपणाकडे बोट केलं आणि म्हणाला, 'अरे बघ, आई आलीये!'"

मी विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. शिट्टी वाजली."

आयनार, मी तिथे त्या परक्या बाईच्या स्वयंपाकघरात बसले आणि रडले. अगदी हमसून हमसून. आक्सेल पळूनच गेला बाहेर, एवढा रेडा. ब्रिटाने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "ही गोष्ट ऐकून मीही हसायची गं. पण खरं सांगू? माझा हा एवढा वाढलाय, मैदानावर मला बघितलं की दुसरीकडे बघतो. माझ्या पोराने मला बघून असं केलं असतं ना, तर सामना हरला म्हणून मी गावाला कॉफी पाजली असती."

परत येताना पुलावर थांबले. खाली नदी कडेकडेने गोठायला लागली आहे. तिथे उभी राहून मी तुला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. गाढवा! मूर्खा! चार शब्द होते, चार. तेवढे पाद्रीबुवांसमोर बोलला असतास तर सगळं गाव हसून मोकळं झालं असतं, नदीपलीकडे हसले तसं. वर्षभर स्वतःला लबाड म्हणवून घेतलंस, कोचला म्हणवून घेतलंस, मला बोर्गहिल्डचे टोमणे खायला लावलेस. का? कोणासाठी? आणि मग मला कळलं कोणासाठी, आणि शिव्या थांबल्या.

मी आलेली तुला दिसले होते. वर्षभर मी समजत होते की नाही दिसले.

आता ऐक. आभारदिनाला ये. सामना या वर्षी पलीकडे त्यांच्या मैदानावर आहे, नंतर जेवण आपल्याकडे. काही सांगायचं नाही, सवरायचं नाही. मागच्या दाराने आत ये आणि बस. नवा गडी आत आला की एक डाव बोलायचं नसतं, हा नियम मी पाळीन. पहिलं ताट संपेपर्यंत मी अवाक्षर काढणार नाही, तूही काढू नकोस. अळीमिळी गुपचिळी. दुसरं ताट वाढताना मात्र माझं तोंड कोणी धरू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ये रे. घर फार मोठं झालंय.

आई


आभारदिन, २५ नोव्हेंबर १९२६

प्रिय आयनार,

मुलं जेवून वर गेली. भांडी तशीच आहेत. आधी तुला लिहिते.

पुलावरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी सगळ्यांना सांगितलं.  हॅल्वर उठला, बाहेर पंपाशी गेला आणि पाणी न काढताच नुसता दांडा हलवत बसला. दुपारी कोच ओस्टबी मागच्या दाराशी. टोपी हातात. म्हणाला, "बाई, मला एका शब्दाने तरी सांगायचं होतं त्याने." मी म्हटलं, "मलाही."  शेवटी मी त्याला केकचा तुकडा दिला, आणि तो उभ्याउभ्याच खाऊन गेला. पुढच्या रविवारी चर्चबाहेर बोर्गहिल्डने माझा हात हातात घेऊन दाबला. पिठाचं काही बोलली नाही, मीही नाही.

आज सकाळी बटाटे तसेच टाकून मी पूल ओलांडला. सोलेल ज्याला भूक असेल तो! ब्रिटाने कुंपणाशी माझी जागा धरून ठेवली होती, किटलीत कॉफी. सगळीकडे स्वीडे आणि मध्ये मी. मुलं मैदानात रांगेत उभी राहिली. पहिला डाव सुरू व्हायचा, सगळं चिडीचूप, आणि आपला हॅल्वर उभा राहतो आणि बैलासारखा ओरडतो, "अरे बघा, मावशी आलीये!" त्याला काय, तो बदली नाही, त्याला बोलायची मुभा. तर मागून सगळी रांग ओरडली, "मावशी आलीये!" स्वीड्यांना गोष्ट ठाऊकच होती, त्यांचं अख्खं मैदान हसत सुटलं, टोप्या उडवायला लागलं. आक्सेलही समोरच्या रांगेतून माझ्याकडे बघून दात काढत होता. पंच तोच, गेल्या वर्षीचा. त्याने शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवताच खाली केली. मला कुठे तोंड लपवावं कळेना. ब्रिटाने कोपराने ढोसलं, म्हणाली, "हात तरी हलव गं!" हलवला.

शेवटाकडे इंग्वाल्ड बदली म्हणून आत गेला. ओठ असे घट्ट मिटलेले, जणू तोंडात गरम बटाटा आहे. हॅल्वरशेजारी जाऊन उभा राहिला. कोणाकडे बघेना. एकटा पोर दिसत होता अगदी, एवढ्या लोकांत. तूही असाच उभा राहायला हवा होतास, नियमाने. आणि मला वाटलं, बरं झालं तू राहिला नाहीस.

ना ते जिंकले ना आपण. चिखलात लोळून दोन्हीकडे शून्य. कोणाला फार वाईट वाटलं नाही.

तुझं ताट वाढलं होतं. निळ्या काठाचं. टर्की, बटाटे, लेफ्सेच्या मऊ पोळीची घडी लोणी लावून, तुला आवडते तशी साखर जास्त. मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती. जेवताना दारात वारा आला की सगळी एकदम तिकडे बघायची आणि मग पुन्हा आपापल्या ताटात. मी बोलत नव्हते, नियम पाळत होते. मुलांना वाटलं मला बरं नाही. सगळं आटोपल्यावर हॅल्वरने हळूच विचारलं, "मावशी, ते गार होतंय, मी खाऊ?" मी म्हटलं, "हात लावशील तर हात तोडीन."

ते झाकून ठेवलंय. सकाळी कुत्र्याला घालीन. की नाही घालणार, माहीत नाही.

पत्र मिळालं नसेल. बर्फ पडला असेल तिकडे. रागावला असशील. यातलं काय ते कळलं असतं तरी पुरे होतं.

तुझी,
आई


उत्तर छावणी
१२ डिसेंबर १९२६

आई,

टपाल इथे बर्फगाडीने येतं आणि तीन आठवडे गाडीच आली नाही. आक्सेलबद्दलचं तुझं पत्र आणि आभारदिनाचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. त्या दिवशी आम्ही उकडलेला घेवडा खाल्ला. रोज तोच असतो.

आक्सेल खरं बोलला.

मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की तू आलीस म्हणून आपण हरलो. आणि मग तू परत कधी मैदानावर आली नसतीस. इतकी वर्षं बोलावून तू एकदा आली होतीस. मला तू पुन्हा यायला हवी होतीस, एवढंच डोक्यात होतं. मी निघून गेल्यावर तू कोणाचा सामना बघायला येशील, हा विचार काही सुचला नाही. माझी अक्कल तेवढीच. कोचला माझ्या नावाने माफी माग. मीही मागेन.

ताट नाही म्हणालीस त्याचा राग नव्हता. राग असता तर धुऊन ठेवलं नसतं. एक वर्ष पत्र लिहायला बसायचो आणि काय लिहायचं कळायचं नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं.

छावणी मध्येच सोडता येत नाही. मार्चमध्ये बर्फ फुटलं की ओंडके नदीत सोडतात आणि आम्हालाही सोडतात. तेव्हा येतो. मागच्या दाराने. पहिलं ताट गुपचूप, कबूल. पण दुसरंही मी गुपचूपच खाईन म्हणतो, तू बोल. मी ऐकत खाईन.

मोजे चांगले आहेत. टोपी घालतो.

एक राहिलं. तू कुंपणाशी उभी होतीस तेव्हा तपकिरी डगल्याची बटणं एक घर चुकवून लावली होतीस. एक बाजू वर, एक खाली. तेही मी हॅल्वरला सांगणार होतो, पण शिट्टी वाजली.

आयनार